एका फोटोचा चौकोन

त्या कॉम्प्युटरवर आम्ही पान लिहीत नव्हतो, ओढत होतो. आधी माउसने एक मोठा चौकोन ओढायचा, ते टेबल. मग त्याच्या पोटात लहान लहान चौकोन ओढायचे, त्या सेल. एक फोटोसाठी, एक नावासाठी, एक शिक्षणासाठी. जिथं सेल ओढलेली नाही तो भाग राखाडी राहायचा. तिथं कितीही क्लिक केलं तरी कर्सर उभा राहत नसे. सगळं भरून झालं की रेघांची जाडी शून्य करायची. मग पान उघडणाऱ्याला चौकोन दिसत नाहीत. सगळं आपोआप सरळ रांगेत बसलंय, असंच त्याला वाटतं.

या शेवटच्या पायरीचा मला पहिल्यापासून राग होता. चौकोन आखायचेच असतील तर निदान दिसू तरी द्या.

आमचं ऑफिस औरंगपुऱ्यात, एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या वर आहे. आम्ही वेबसाइट करून देतो. बाकीच्या कॉम्प्युटरवर आजच्या पद्धतीचं काम चालतं. पान ज्याच्या-त्याच्या फोनच्या रुंदीप्रमाणे आखडतं, पसरतं. पण कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याच्यावर चौकोन ओढून पान करायचा जुना एडिटर आहे. पुढच्या आवृत्त्यांमधून ती सोय काढून टाकली म्हणून आमच्या सरांनी, म्हणजे ऑफिसच्या मालकांनी, तो कॉम्प्युटर कव्हर घालून जपलाय. काही जुन्या गिऱ्हाइकांची पानं अजून त्याच्यावरच होतात.

"टेबल दगा देत नाही," सर म्हणतात. "जिथं ठेवलं तिथंच राहतं. माणसांसारखं नाही." सरांच्या घरात पिढ्यानपिढ्या कारकुनी. आजोबा निजामाच्या कचेरीत, वडील जिल्हा परिषदेत. रकाने आखणं आमच्या रक्तातच आहे, असं ते स्वतःच हसत सांगतात.

माझ्या रक्तात पत्रकं होती. आण्णा, म्हणजे माझे वडील, कंपनीत हेल्पर होते आणि कंपनी सुटल्यावर चळवळीत. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, मुलगी नको म्हणणाऱ्यांविरुद्ध पत्रकं काढायची, गुलमंडीच्या बाजूच्या प्रेसमधून छापून आणायची आणि बाजाराच्या दिवशी गावोगाव वाटायची. मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत खाटेखाली गठ्ठेच असत. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर ताईने आणि मी गणितं सोडवली. मला वाचता आलेला पहिला शब्द 'विरोध' होता. भाजीत मीठ जास्त झालं की मी 'जाहीर निषेध' म्हणायचे आणि ताई म्हणायची, "आईला निवेदन दे. पाच सह्या आण." आई हसायची. ती गेली तेव्हा मी कॉलेजात होते. त्यानंतर घरात आण्णा आणि मी; आणि मग काही वर्षांनी ताई परत आली, तिच्या लेकीला कडेवर घेऊन.

हे सगळं सांगायचं कारण, ऑफिसात एक काम आलं. आमच्याच समाजाचं वधू-वर मंडळ. आमचा समाज मेंढरं राखणाऱ्यांचा. निम्मे आता शहरात, कंपन्यांत, पोलिसात, शाळांत. निम्मे अजून गावाकडं मेंढरांमागं नाही तर दुसऱ्याच्या शेतात. मंडळ दरवर्षी परिचय पुस्तिका छापतं. आता त्यांना ती वेबसाइटवर हवी होती.

मंडळाचे सचिव वैजापूरहून यायचे. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, काखेत रेक्झिनची बॅग. दर गुरुवारी एसटीने येऊन माझ्या शेजारी खुर्ची ओढायचे. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला ताई. पुस्तिका उघडून ते माझ्यासमोर धरायचे.

"जशीच्या तशी पायजे. फोटो डाव्या अंगाला, नाव उजवीकडं."

"काका, हल्ली सगळे फोनवर बघतात. हे टेबल फोनवर मावणार नाही. बोटाने ओढत बसावं लागेल."

"वढत्याल की. लग्न करायचंय तर वढायला काय झालं?"

सरांनी तोच एडिटर काकांच्या घरच्या कॉम्प्युटरवरही बसवून दिला होता. काका सेलमध्ये क्लिक करून नावं टाकायला, फोटो बदलायला शिकले होते, आणि त्या शिकण्याचा त्यांना फार अभिमान होता. म्हणूनही टेबलच हवं. दुसरं काही केलं असतं तर त्यांना हात लावता आला नसता.

पहिलं भांडण रंगावरून झालं.

"ताई, इथं एक चौकोन ऱ्हायला."

"कोणता?"

"रंगाचा. गोरा, निमगोरा, सावळा."

"तो मी ओढलाच नाही."

"आवं, पुस्तिकेत हाय की."

"रंग बघायला फोटो आहे ना, काका."

"फोटोत समदीच गोरी दिसत्यात," काका म्हणाले. सरांनी खोकल्याचं निमित्त करून हसू लपवलं. मी चहा सांगायला खाली गेले आणि वर आले तर रंगाची सेल ओढलेली होती. सरांनीच ओढली होती, अगदी सरळ. "गिऱ्हाईक आहे," ते हळूच म्हणाले. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही.

दुसरं भांडण मोठं होतं. लग्न मोडलेले पुरुष 'वर' या पानावर बाकीच्यांबरोबरच होते, फोटोसकट. नावाखाली फक्त एक शब्द, 'घटस्फोटित'. बायकांसाठी मात्र वेगळं, सगळ्यांत शेवटचं पान. तिथं फोटो नाही, नाव नाही. नुसता क्रमांक, वय, शिक्षण.

"असं का?"

"बायामाणसाची बदनामी नको."

"आणि पुरुषाची?"

"त्याची कशाची बदनामी?" काकांनी हे अगदी खऱ्या आश्चर्याने विचारलं. मी बरंच बोलले. समता, संविधान, लिंगभाव. पत्रकाच्या भाषेत बोलले, कारण रागात मला तीच येते. काका ऐकून घेत होते. तहसीलला माणसं अशीच बोलून जात असतील. शेवटी म्हणाले, "कमिटीला इचारतो." पुढच्या गुरुवारी मी पुन्हा विषय काढला, त्याच्या पुढच्याही. दर वेळी कमिटीची बैठक व्हायची राहिलेली असायची.

मग एके दिवशी ताईने विचारलं. आमच्याकडं पाणी यायचा दिवस होता. शहरात पाणी आठवड्यात एखाद्या दिवशी येतं आणि आलं की घरातली माणसं पाण्याखेरीज दुसरं काही बोलत नाहीत. ताई ड्रममध्ये पाइप धरून उभी होती, मी हंडे उचलत होते, आण्णा दारात पेपर वाचत होते, आणि ताईची लेक पाइपाला पडलेल्या भोकावर बोट दाबून कारंजं करत होती.

"तू त्या मंडळाचं पान करतीस ना?" ताई म्हणाली. "मला टाक त्याच्यात."

मी हंडा खाली ठेवला. आण्णांचा पेपर खाली आला.

"जातीच्या मंडळात?" आण्णा म्हणाले.

"मग कोणाच्या? तुमच्या पत्रकाखाली फोन नंबर असतो, आण्णा. त्याच्यावर माझ्यासाठी कधी एखादा फोन आला का?"

आण्णांनी पेपर पुन्हा वर घेतला, पण ते वाचत नव्हते.

ताईचं पहिलं लग्न चळवळीतलं. मुलगा आण्णांनीच पाहिलेला. नोंदणी पद्धतीने, हुंडा नाही, वाजंत्री नाही. निमंत्रण म्हणूनसुद्धा पत्रकच छापलं होतं, वर ठळक अक्षरांत 'सत्यशोधनाच्या वाटेवर दोन पावलं'. तो भाषण फार चांगलं करायचा. "बाकीचे ऐकून घरी जायचे," ताई एकदा म्हणाली होती, "आणि मी त्याच्यासोबत घरी जायचे. एवढाच फरक." त्याने तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. तो बाहेर सगळ्यांचा होता आणि घरात कोणाचाच नव्हता. मुलगी झाली तेव्हा पेढे वाटले, भाषणही केलं, आणि मग तिच्याकडं कधी वळून पाहिलं नाही. ताई आता चितेगावला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. कंपनीच्या बसने जाते, येते. तिला एक साधं माणूस हवं होतं, जे लेकीसह तिला घरात घेईल. एवढंच. त्याने भाषण नाही केलं तरी चालेल, असं ती म्हणायची आणि मला ते लागायचं.

गुरुवारी मी काकांना सांगितलं. काका विचारात पडले, मग उदार झाले.

"तुमच्या भैनीचं म्होरच्या पानावर टाकू. फोटोसकट. तुमची म्हणून."

"माझी म्हणून नको. सगळ्या बायकांचं टाका."

"समद्यांचं कमिटी ऐकायची नाय. तुमचं ऐकंल." आणि मग आवाज खाली आणून, "पण पोरीचं ल्हिऊ नका. पयल्या भेटीत तोंडानं सांगा. चौकोनात नको."

म्हणजे जे मी सगळ्यांसाठी मागत होते ते एकीला बक्षीस म्हणून मिळत होतं, आणि तेही एक जीव खोडून. मी घरी आले ती ठरवूनच.

"आपण नाही म्हणू," मी म्हणाले.

"आपण म्हणजे कोण?"

"ताई, तुला कळतंय का, ते..."

"मला लई चांगलं कळतं. शेवटच्या पानावर नंबर होऊन बसले तर कोण बघंल मला? पुढं येऊ दे. माणूस समोर आला की मी सांगते ना. लपवणारी हाय का मी?" मग थांबून, "माझं लग्न हाय का तुझं पत्रक, एवढं एकदा ठरव."

मी पान केलं. कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो लावला. नाव, वय, शिक्षण, नोकरी, आणि खाली 'घटस्फोटित'. अपत्याचा चौकोन त्या पानावर नव्हताच, त्यामुळं रिकामाही दिसला नाही.

फोन आले. त्यातली एक मंडळी फर्दापूरची. मुलाचं लेण्यांजवळ दुकान, मण्यांच्या माळा आणि रंगीत दगड विकायचं. त्याचीही बायको सोडून गेलेली. मुलगा, त्याची आई आणि मामा असे एका रविवारी आले. माणसं चांगली होती. हे मुद्दाम सांगते, कारण वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. लेकीला शेजारी पाठव, असं शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या. ताईने ऐकलं नाही. पोह्यांच्या बश्या लेकीनेच आणल्या, एकेक करून, जीभ बाहेर काढून, सांडू नये म्हणून.

"ही कोन?" मुलाची आई म्हणाली.

"माझी मुलगी," ताई म्हणाली.

मुलाने मामाकडं पाहिलं. मामाने पोह्यांकडं.

"पानावर नव्हतं," मुलाची आई म्हणाली.

मी तोंड उघडलं होतं. पानावर का नव्हतं, ते कोणी ठरवलं, सगळं सांगायला. ताईने माझ्याकडं न बघता हात आडवा केला. "पानावर नव्हतं, खरंय," ती म्हणाली. "म्हणून पहिल्याच भेटीत सांगतेय."

त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला. मुलगा लेकीशी दगडांबद्दल बोललासुद्धा. कोणता दगड उन्हात धरला की आतून चमकतो ते त्याने सांगितलं. निघताना चप्पल घालता घालता त्याची आई ताईला म्हणाली, "पोरगी हाय म्हनून नाय वो. लपवली म्हनून."

ताई दार लावून बराच वेळ त्या दाराकडंच तोंड करून उभी होती. मला वाटलं रडतेय. ती म्हणाली, "बराबर बोलली बाई."

ही गोष्ट मंडळापर्यंत गेली. काकांचा ऑफिसात फोन आला. "मंडळाचं नाव खराब व्हतंय, ताई. भैनीला मागच्या पानावर घ्या. आपन लपवून ठिवतो असं लोक म्हनत्याल."

"तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"म्या चांगल्यासाठी सांगितलं व्हतं."

मी ताईला जसंच्या तसं सांगितलं. पुढच्या गुरुवारी पहिली पाळी करून, कंपनीच्या निळ्या डगल्यातच ती ऑफिसचा जिना चढून आली. काका माझ्या शेजारी बसले होते. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी आपली खुर्ची तिला दिली. ती बसली नाही.

"काका, लपवायला तुम्ही सांगितलं."

"तुज्या चांगल्यासाठी, पोरी."

"मग आता माझ्या चांगल्यासाठी हा फोटो लावा." तिने फोन पुढं केला. गच्चीवर मीच काढलेला फोटो होता. ताई कठड्याला टेकून बसलेली आणि लेक तिच्या मागून गळ्यात हात टाकून, गालाला गाल लावून. दोघी एकाच वेळी हसलेल्या.

काकांनी चष्मा वर करून पाहिलं. फोटो खरंच चांगला होता, ते त्यांनाही दिसत होतं. "ह्यो मावत नाय," ते म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "मावत नाय ना, ताई?"

मावत नव्हता. फोटोची सेल उभी होती, एका माणसाच्या मापाची, पासपोर्टच्या फोटोसाठी ओढलेली. आणि टेबलात एक सेल एकटी रुंद होत नाही; वरपासून खालपर्यंत सगळा रकाना रुंद होतो. मी फोटो लहान करून बघितला. दोघींची तोंडं शेंगदाण्याएवढी झाली.

"ह्याच्यात कोनाला काय दिसनार?" काका म्हणाले. "कापा ना. पोरीला कापा."

दोरा तोडा म्हणावं तसं म्हणाले. सर आपल्या टेबलावरून एकदम पाण्याची बाटली शोधायला लागले.

"काय म्हणालात?" ताई म्हणाली.

"फोटोतनं. फोटोतनं म्हनतोय म्या."

"फोटोतूनच कापायची असतीय, काका. घरातून कापायला कोन येतंय?"

ताई माझ्या मागं येऊन उभी राहिली. "रुंद कर."

"सगळं पान सरकेल," सर म्हणाले.

"सरकू द्या."

मी सेलची कड धरली आणि ओढली. फोटो पूर्ण बसला. आणि त्याच्याबरोबर वरच्या, खालच्या सगळ्या मुलींचे फोटो रुंद पांढऱ्या जागेत एकीकडं उभे राहिले. नावं, शिक्षण, सगळं उजवीकडं ढकललं गेलं. शेवटचा रकाना पडद्याबाहेर गेला. तो रंगाचा होता. मला मोर्चात घोषणा द्यावी तसं झालं होतं. मी मागं वळून ताईकडं पाहिलं. ती पडद्यावर बोट ठेवून बाकीच्या मुलींची नावं वाचत होती.

"यांचं वाकडं झालं गं," ती म्हणाली.

"होऊ दे."

"तसं नाय. यांनी काय केलंय?"

पण फोटो तिने काढायला सांगितला नाही. नावाखाली 'एक मुलगी, सोबत राहील' एवढं माझ्याकडून लिहून घेतलं, दोनदा वाचलं आणि बस पकडायला गेली. काकांनी बॅग काखेत घेतली. मी विचारलं, "चहा घेणार?" तर म्हणाले, "नको, यष्टी जाईल."

आठवडाही झाला नसेल. पालकांचे फोन मंडळाकडं गेले, आमच्या मुलीचा फोटो एवढासा का, पान मोडलंय का. काकांनी आम्हाला विचारलं नाही. घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी पान स्वतः दुरुस्त केलं. मी सहज उघडलं तेव्हा रकाना पुन्हा अरुंद झाला होता. सगळ्या मुली सरळ रांगेत. रंगाचा रकाना परत आत आला होता. ताईही होती, हसत, पहिल्याच पानावर. तेवढं त्यांनी राखलं होतं. नावाखालची ओळ नव्हती. लेक नव्हती. फक्त ताईच्या गळ्यावर एक छोटा हात राहिला होता, मनगटापर्यंत, हिरव्या बांगड्यांसकट. तेवढा कापला असता तर ताईचा गळा कापावा लागला असता.

मी घरी आले तेव्हा माझ्या डोक्यात पत्रक तयार होतं, मथळ्यापासून शेवटच्या आवाहनापर्यंत. आण्णांना दाखवलं. ते कधी नव्हे इतके लाल झाले. त्यांनी कागद ओढला, पेन उघडलं.

"माझ्यावर पत्रक काढायचं नाय," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. "एकदा काढलं होतं."

आण्णांनी पेनाला टोपण लावलं. कागद तसाच समोर धरून ते बसून राहिले. माझ्या वडिलांना मी पहिल्यांदाच कोरा कागद धरून बसलेलं पाहिलं.

तेवढ्यात लेकीने माझा फोन घेतला होता. पान उघडंच होतं.

"मावशी, हा माझा हात!" ती ओरडली. फोन घेऊन आईकडं पळाली. "आई, बघ, माझ्या बांगड्या." मग तिने पान बोटाने इकडं ओढलं, तिकडं ओढलं. "बाकीची मी कुठंय?"

ताईच्या हाताला पीठ होतं. तिने ते झाडलं नाही. "कापली," ती म्हणाली.

"कोणी?"

"एक आजोबा आहेत."

लेकीने आपला हात फोनशेजारी धरून पडताळून पाहिला. "मला तर कळलंच नाही," ती म्हणाली. "का कापली?"

ताईने माझ्याकडं पाहिलं. लिहिणारी मी. या प्रश्नावर मला पानंच्या पानं येत होती. ती सगळी तिच्या उंचीच्या वरून जाणारी होती. मी म्हणाले, "चौकोन लहान होता." आणि म्हणता म्हणताच मला कळलं, की मी काकांचंच उत्तर दिलं.

"मग मोठा काढायचा," ती म्हणाली आणि खेळायला गेली.

ताईने चपाती तव्यावर टाकली. "उद्या काढून टाक ते. सगळंच."

"काढायचं कशाला? पुन्हा रुंद करू. ते कापतील, आपण पुन्हा करू. मी काकांना सोडणार नाही."

"तू लढ," ती म्हणाली. "माझा फोटो घेऊन नको लढूस."

दुसऱ्या दिवशी मी तिची सगळी ओळच काढली, फोटोसकट. वरची मुलगी आणि खालची मुलगी एकमेकींना चिकटल्या. मधे कोणी होतं, हे कळायला काही उरलं नाही. दुपारीच काकांचा फोन. त्यांनी थेट ताईलाच लावला होता, तिने संध्याकाळी मला सांगितलं. काका दुखावले होते. फोन येत व्हते की, म्हणाले. दोन चांगली स्थळं व्हती. पान किती सुंदर झालं व्हतं.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, मला पान नको, काका. मेळाव्याला येते. दोघी येतो."

मंडळाचा परिचय मेळावा या रविवारी आहे. मंगल कार्यालयात स्टेज असतं, मुलंमुली एकेक करून माइकवर येऊन आपली माहिती सांगतात, खाली आईवडील वह्या घेऊन बसलेले असतात. त्याच कार्यालयाच्या फाटकावर उभं राहून आण्णांनी कधीकाळी या मेळाव्याविरुद्ध पत्रकं वाटली आहेत, आणि मी त्यांच्या बोटाला धरून होते.

"स्टेजवर लेकरं घेत नायत, असं म्हणाले काका," ताई म्हणाली.

"मग?"

"मग खाली उभ्या राहू. माइक खाली आला तर बोलू. नाय आला तर लोकांना दिसतोच की आम्ही."

"आणि कोणी काही बोललं म्हणजे? पोरीसमोर?"

ही एकच गोष्ट तिलाही खात होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "तिला विचारलं मी," ती म्हणाली. "येते म्हणाली. तिथं जेवायला जिलेबी असती का, एवढंच विचारलं तिनं."

काल रात्री जेवताना आण्णांनी ताटावरून मान वर न करता विचारलं, "रविवारी किती वाजता निघायचं?" ताईने त्यांच्या ताटात अजून एक चपाती वाढली.

मी या मेळाव्याच्या विरोधात आहे. माझं मत तसूभर बदललेलं नाही, आणि ताईचं तिथं भलं होईल असंही मला वाटत नाही. मी तिच्यासोबत जाणार आहे. आता हे थांबवते. पोरीच्या फ्रॉकला इस्त्री करायची राहिली आहे आणि लाइट जायच्या आत ती झाली पाहिजे.